एका सेशनमध्ये ६०० ग्रॅम कमी? ‘एफडीए अप्रूव्ह्ड’ स्लिमिंग मशीनच्या जाहिराती काय सांगत नाहीत

रील स्क्रोल करता करता मध्येच एक जाहिरात येते. क्लिनिकमधली पांढरी खुर्ची, पोटाला लावलेलं मशीन आणि मशीन चालू असताना निवांत मोबाइल बघत बसलेली एक बाई. पुढच्याच फ्रेममध्ये तीच बाई आरशासमोर उभी, जीन्स कंबरेला चार बोटं सैल. वर मोठ्या अक्षरांत ‘ना डाएट, ना जिम, ना सर्जरी’. कोपऱ्यात छोटासा शिक्का, ‘यूएस-एफडीए अप्रूव्ह्ड’.

स्क्रोल करणारा अंगठा या शिक्क्यापाशी थांबतो. चूर्ण आणि चहावाल्यांच्या जाहिराती आपण हसून सोडून देतो, पण हे तर मशीन आहे, तेही अमेरिकेच्या सरकारने पास केलेलं. मग यात खोटं काय असणार?

नेमक्या याच शिक्क्यावरून २०२५ मध्ये देशातल्या दोन मोठ्या ब्रँडना दंड झाला. बातमी आली आणि गेली. दंडाचा आकडा लहान होता, त्यामुळे फार चर्चाही झाली नाही. पण त्या आदेशांमध्ये जे लिहिलंय ते पोट कमी करायला पैसे भरण्याआधी प्रत्येकाने वाचावं असं आहे.

प्रकरण काय होतं?

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण, म्हणजे सीसीपीए. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली ही संस्था तयार झाली आणि जुलै २०२० पासून काम करू लागली. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर थेट कारवाई करण्याचे अधिकार तिच्याकडे आहेत.

सीसीपीएने आधी काया लिमिटेड आणि नंतर व्हीएलसीसी लिमिटेड या दोघांना प्रत्येकी ३ लाख रुपयांचा दंड केला. दोन्हीकडे विषय एकच होता, ‘कूलस्कल्प्टिंग’ नावाच्या मशीनची जाहिरात. व्हीएलसीसीच्या जाहिरातींमध्ये एका सेशनमध्ये ६०० ग्रॅम आणि ७ सेंटीमीटरपर्यंत कमी व्हा, एका सेशनमध्ये कायमचा एक साइज उतरवा, असे दावे होते. कायाची भाषा त्यामानाने मवाळ होती. शस्त्रक्रियेविना चरबी कमी, तीही विनासायास, असा तिचा सूर होता.

प्राधिकरणाने मशीन बनावट आहे असं म्हटलेलं नाही. मशीन खरंच आहे. झेल्टिक अ‍ॅस्थेटिक्स ही अमेरिकी कंपनी ते बनवते आणि त्याला अमेरिकेत एफडीएची मान्यताही आहे. आक्षेप वेगळ्याच ठिकाणी होता. मान्यता ज्या कामासाठी मिळाली ते काम आणि जाहिरातीत सांगितलेलं काम, ही दोन वेगळी कामं होती.

मान्यता नेमकी कशासाठी आहे?

कूलस्कल्प्टिंगची मान्यता आहे ती शरीराच्या ठरावीक भागांवर दिसणाऱ्या चरबीच्या फुगवट्यांसाठी. पोट, कंबरेच्या बाजू, मांड्या, दंड, पाठ, हनुवटीखालचा भाग वगैरे. त्यातही ज्यांचा बीएमआय ३० किंवा त्याहून कमी आहे अशाच लोकांसाठी. आणि हा वजन कमी करण्याचा उपचार नाही, हे सीसीपीएने आदेशात स्पष्ट लिहिलंय.

आता हे बीएमआयचं गणित एखाद्या खऱ्या उंचीवर लावून बघा. उंची १६० सेंटीमीटर, म्हणजे साधारण सव्वापाच फूट. या उंचीला बीएमआय ३० म्हणजे वजन ७७ किलोच्या आसपास. समजा एखाद्या बाईचं वजन ८५ किलो आहे. तिचा बीएमआय झाला ३३. डॉक्टरांनी वजन कमी करा म्हणून सांगितलंय, गुडघे दुखतायत, जिमला जायला वेळ नाही. ‘ना डाएट, ना जिम’ ही ओळ तिच्यासाठीच लिहिल्यासारखी आहे. आणि मशीनची मान्यता जिथे संपते त्याच्या पलीकडे ती उभी आहे.

म्हणजे ज्यांना वजन कमी करायची सगळ्यात जास्त गरज आहे, त्यांच्यासाठी हे मशीन नाहीच. जे जवळपास ठीक वजनाचे आहेत आणि फक्त कंबरेवरची एखादी वळी ज्यांना खटकते, त्यांच्यासाठी ते आहे. जाहिरात मात्र पहिल्या गटाला हाक मारते, कारण गर्दी तिथे आहे. राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या २४ टक्के महिला जास्त वजनाच्या किंवा लठ्ठ निघाल्या. पुरुषांमध्ये हे प्रमाण जवळपास २३ टक्के आहे. बाजार किती मोठा आहे ते यावरून कळतं.

जाता जाता एक गोष्ट. एफडीएच्या भाषेत ‘क्लिअर’ आणि ‘अप्रूव्ह’ हे दोन वेगळे शब्द आहेत. पेसमेकरसारख्या जास्त जोखमीच्या उपकरणांची कडक तपासणी होऊन त्यांना अप्रूव्हल मिळतं. कमी-मध्यम जोखमीची बहुतेक उपकरणं, बाजारातल्या आधीच्या उपकरणाइतकीच सुरक्षित आणि उपयोगी आहेत एवढं दाखवून ‘क्लिअर’ होतात. जाहिरातीत सगळ्यालाच ‘अप्रूव्ह्ड’ म्हणतात. पण खरा खेळ या शब्दात नाही. ‘अप्रूव्ह्ड’ म्हटलं की ‘कशासाठी?’ हा प्रश्न विचारायचा असतो, आणि तो विचारलाच जात नाही.

मग हे मशीन करतं तरी काय?

याची कहाणी आइसकांडीपासून सुरू होते. लहान मुलं बर्फाची कांडी गालात धरून चोखत बसली की काहींच्या गालावर नंतर खळगा पडायचा. थंडीने गालातली चरबी सुजून मरते, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं. १९७० मध्ये वैद्यकीय लेखनात या प्रकाराला ‘पॉप्सिकल पॅनिक्युलायटिस’ असं नावही मिळालं. म्हणजे त्वचेपेक्षा चरबीच्या पेशींना थंडी लवकर बाधते. पुढे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या डिटर मॅनस्टाइन आणि रॉक्स अँडरसन या संशोधकांनी या निरीक्षणावरून ठरावीक भागातली चरबी गोठवण्याचं तंत्र विकसित केलं. २०१० मध्ये एफडीएने कंबरेच्या बाजूंसाठी ते मान्य केलं.

मशीन त्वचेची वळी ओढून धरतं आणि तिला ठरावीक तापमानापर्यंत थंड करतं. चरबीच्या काही पेशी मरतात. मग शरीर त्या हळूहळू साफ करत जातं. या सफाईला एक ते तीन महिने लागतात. प्रयोगांमध्ये मशीन लावलेल्या जागेवरचा चरबीचा थर साधारण २० ते २५ टक्क्यांनी पातळ झालेला दिसतो. फक्त त्या जागेवरचा. वजनकाट्यावर याचा फरक जवळपास दिसतच नाही.

म्हणजे मशीन व्यवस्थित चाललं, योग्य माणसावर चाललं, तरी तासाभरात कोणी बारीक होऊन बाहेर पडत नाही. परिणाम दिसायलाच काही आठवडे जावे लागतात. ‘एका सेशनमध्ये’ हे शब्द मशीनच्या स्वतःच्या विज्ञानाशीच जुळत नाहीत.

६०० ग्रॅमचं गणित

शरीरातल्या एक किलो चरबीत साधारण ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा साठलेली असते. हे पोषणशास्त्रातलं नेहमीचं ढोबळ गणित. त्या हिशेबाने ६०० ग्रॅम चरबी म्हणजे ४,६०० किलोकॅलरी. मध्यम बांध्याच्या माणसाच्या जवळपास दोन दिवसांच्या जेवणाएवढी ही ऊर्जा झाली.

चालून एवढी ऊर्जा जाळायची तर? ७० किलोचा माणूस एक किलोमीटर चालला की साधारण ५५ किलोकॅलरी खर्च होतात असं धरू. ४,६०० किलोकॅलरींसाठी ८० किलोमीटरच्या वर चालावं लागेल. पुण्याहून पायी निघायचं, लोणावळा मागे टाकायचा, घाट उतरायचा आणि खोपोलीच्या आसपास थांबायचं. आणि जाहिरात हे काम खुर्चीत बसून तासाभरात करून देते.

बरं, ही चरबी जाते कुठे? ‘वितळते’ हा जाहिरातीतला लाडका शब्द. लोकांच्या मनात चित्र असतं ते तव्यावरच्या तुपाचं, म्हणजे चरबी पातळ होणार आणि घामावाटे बाहेर पडणार. असं काही होत नाही. २०१४ मध्ये रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन या ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हा हिशेब मांडला होता. १० किलो चरबी शरीरात पूर्ण जळाली तर त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर जाते आणि उरलेली १.६ किलो पाणी होते. चरबी मुख्यतः नाकातोंडातून बाहेर पडते! तासाभरात अर्धा किलोहून जास्त चरबी श्वासातून बाहेर टाकायची तर काय दराने धापा टाकाव्या लागतील याची कल्पना करा.

मग काट्यावर ६०० ग्रॅम कमी दिसतात ते कसे? वजन दिवसभरात असंही एक-दीड किलोने वरखाली होत असतं. पाणी, जेवण, लघवी, घाम. दोन ग्लास पाण्याचं वजनच अर्धा किलो भरतं. सॉना बेल्टचं सगळं अर्थशास्त्र यावर उभं आहे. पट्टा बांधायचा, घाम काढायचा, काट्यावर उभं राहायचं. घरी येऊन पाणी प्यायलं की वजन जिथल्या तिथे. इंचांचंही तेच आहे. टेप थोडी घट्ट धरली, बोटभर खाली सरकवली किंवा श्वास सोडल्यावर मोजलं की कुठल्याही मशीनविना दोन-तीन सेंटीमीटर ‘कमी’ होतात. बिफोर-आफ्टर फोटोंबद्दल तर बोलायलाच नको.

५७ लोक, त्यात भारतीय एकही नाही

सीसीपीएच्या आदेशातला एक मुद्दा फारसा कुणाच्या लक्षात आला नाही. एफडीएला सादर केलेल्या चाचण्यांमध्ये ५७ जण होते. गोरे, हिस्पॅनिक आणि आफ्रिकी वंशाचे. आशियाई किंवा भारतीय त्यात कुणी नव्हतं. शिवाय ही प्रक्रिया भारतात वापरायला अमेरिकेच्या एफडीएने काही परवानगी दिलेली नाही, तो तिचा अधिकारच नाही. पण जाहिरातीतला शिक्का पाहून समज तसाच होतो.

चरबी ती चरबी, त्यात भारतीय-अमेरिकी काय, असं वाटू शकतं. इथे पुण्याचा संदर्भ येतो.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक अनेक वर्षं याच विषयावर काम करतायत. २००४ मध्ये त्यांचा आणि ब्रिटनचे प्रा. जॉन युडकिन यांचा एक फोटो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघे शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण शरीरातल्या चरबीचं प्रमाण युडकिन यांचं ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचं २१.२ टक्के. दिसायला सारखेच सडपातळ, आतून मात्र एकात दुपटीहून जास्त चरबी. ‘थिन-फॅट इंडियन’ ही कल्पना जगभर पोचवायला या एका फोटोने बरीच मदत केली.

भारतीय शरीर कमी बीएमआयलाही जास्त चरबी बाळगतं, आणि ती पोटाकडे साठवतं. म्हणूनच भारतीयांसाठी लठ्ठपणाची रेषा ३० ला नाही, २५ लाच ओढली जाते. आणि या पोटातही दोन प्रकारची चरबी असते. एक त्वचेखालची, चिमटीत धरता येते ती. दुसरी आत, यकृत आणि आतड्यांच्या भोवती. मधुमेह आणि हृदयविकाराचा जास्त धोका या आतल्या चरबीचा. चरबी गोठवणारं मशीन काम करतं ते चिमटीतल्या चरबीवर. आतल्या चरबीपर्यंत ते पोहोचतच नाही.

त्यामुळे मशीन लावून पोट दोन सेंटीमीटर आत गेलं आणि म्हणून शुगरची काळजी मिटली असं कुणी समजत असेल, तर त्याचं नुकसान फक्त पैशाचं नाही.

खोटं न बोलताही फसवता येतं

सगळ्याच जाहिराती ‘६०० ग्रॅम’ असं छातीठोक सांगत नाहीत. हुशार जाहिराती आकडाच देत नाहीत. ‘टोनिंग’, ‘कंटूरिंग’, ‘स्कल्प्टिंग’, ‘इंच लॉस’. यातल्या एकाही शब्दाचा अर्थ वजन कमी होणं असा नाही. पण ऐकणाऱ्याच्या डोक्यात तोच उमटतो.

यावर अमेरिकेत एक गाजलेलं प्रकरण झालं. २००१-०२ च्या सुमारास तिथल्या टीव्हीवर पोटाला बांधायच्या इलेक्ट्रॉनिक पट्ट्यांचं पेव फुटलं होतं. अ‍ॅबट्रॉनिक, एबी एनर्जायझर, फास्ट अ‍ॅब्ज अशी त्यांची नावं. विजेचे हलके झटके देऊन स्नायू आकुंचन पावतात आणि व्यायाम न करता पोट सपाट होतं, असा दावा. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (एफटीसी) २००२ मध्ये तिघांच्याही विक्रेत्यांवर खटले भरले.

त्याच लाटेत भारतीय वंशाचे उद्योजक अजित खुबानी यांच्या टेलीब्रँड्स कंपनीने ‘अ‍ॅब फोर्स’ नावाचा पट्टा आणला. किंमत फक्त १० डॉलर. यांच्या जाहिरातीत वजन कमी होईल, पोट सपाट होईल असं एक वाक्यही नव्हतं. सांगायचे एवढंच की टीव्हीवर ते दुसरे पट्टे तुम्ही पाहिलेच असतील, व्यायामाविना पोट बसवण्याचं वचन देणारे, महागडे. तेच तंत्रज्ञान आम्ही स्वस्तात देतोय. आणि पडद्यावर सपाट पोटाचे मॉडेल.

एफटीसीने कारवाई केल्यावर कंपनीचा बचाव तयार होता की आम्ही तर कसलाच दावा केला नाही! आयोगाने तो फेटाळला. २००५ च्या निर्णयाचा आशय असा की जाहिरात शब्द सुटे करून वाचायची नसते. नाव, चित्रं, शब्द, तुलना हे सगळं मिळून बघणाऱ्याच्या मनात जो समज तयार होतो, तोच जाहिरातीचा दावा. अपील न्यायालयानेही २००६ मध्ये आयोगाचा आदेश कायम ठेवला आणि २००९ मध्ये कंपनीने ७० लाख डॉलर द्यायचं मान्य केलं.

विजेच्या पट्ट्यांचा हा खेळ तेव्हाही नवा नव्हता. ‘रिलॅक्सासायझर’ नावाचं असंच एक झटके देणारं यंत्र अमेरिकेत १९४९ पासून विकलं जात होतं. लाखो घरांत गेल्यावर १९७० मध्ये न्यायालयाने ते धोकादायक ठरवून विक्री बंद केली. आज ऑनलाइन मिळणारे ‘सिक्स पॅक’ स्टिकर आणि बेल्ट हे त्याच घराण्यातले. अशा विजेच्या झटक्यांच्या उपकरणांनी स्नायू तात्पुरते थोडे घट्ट किंवा मजबूत होऊ शकतात, पण वजन कमी करण्यासाठी त्यांना मान्यता नाही, असं एफडीएने ग्राहकांसाठीच्या माहितीत लिहून ठेवलंय. भाजणं, झटके, त्वचेवर पुरळ, पेसमेकरमध्ये अडथळा अशा तक्रारींचाही त्यात उल्लेख आहे.

एफटीसीने २०१४ मध्ये वर्तमानपत्रं आणि चॅनेलसाठी एक यादीच काढली. वजन कमी करण्याचे सात दावे, जे दिसले की जाहिरात छापूच नका, कारण ते खरे असणं शक्यच नाही. त्यातला एक दावा असा की, अंगावर काही घालून किंवा त्वचेला काही चोळून भरपूर वजन उतरतं. बेल्ट, स्टिकर, स्लिमिंग क्रीम हे सगळं या एका ओळीत आलं.

साइड इफेक्ट आणि फॉर्मवरची सही

‘ना सर्जरी’ म्हणजे ‘ना धोका’ असंही नाही. सुपरमॉडेल लिंडा इव्हँजेलिस्टा यांनी २०२१ मध्ये इन्स्टाग्रामवर जाहीर केलं की कूलस्कल्प्टिंगनंतर त्यांच्या शरीरावर जिथे मशीन लावलं तिथली चरबी कमी व्हायच्या ऐवजी वाढली. या प्रकाराला ‘पॅरॅडॉक्सिकल अ‍ॅडिपोज हायपरप्लेशिया’ म्हणतात. त्या जागी चरबीचा घट्ट गोळा तयार होतो आणि तो काढायला बहुतेकदा शस्त्रक्रियाच करावी लागते. हा परिणाम क्वचित होतो, पण होतो. त्यांनी झेल्टिक कंपनीवर ५ कोटी डॉलरचा दावा लावला आणि २०२२ मध्ये दोघांत समझोता झाला.

क्लिनिकमध्ये प्रशिक्षित माणसाच्या हातून हे घडू शकतं. मग ऑनलाइन मागवलेल्या, तापमान नियंत्रणाचा पत्ता नसलेल्या ‘फॅट फ्रीझिंग’ पट्ट्याने घरच्या घरी थंडीने त्वचा भाजून घेणं तर आणखीच सोपं.

व्हीएलसीसीच्या आदेशात इथे एक महत्त्वाची गोष्ट आहे. उपचाराआधी ग्राहकाकडून संमतीपत्रावर सही घेतली जाते. त्यात कंपनीला जबाबदारीतून मोकळं करणारी जी अन्यायकारक कलमं होती, ती काढून टाका असं सीसीपीएने सांगितलं. काउंटरवर घाईघाईत पुढे केलेला, बारीक इंग्रजीतला तो कागद. बहुतेक जण न वाचताच सही करतात, कारण पैसे आधीच भरून झालेले असतात.

पुढच्या जाहिरातींसाठीही अटी घातल्या गेल्या. मशीन शरीराच्या कोणत्या भागांसाठी आहे ते सांगायचं. बीएमआय ३० पर्यंतच्या लोकांसाठीच आहे हे सांगायचं. ही प्रक्रिया ठरावीक जागेवरच्या चरबीसाठी आहे, वजन कमी करण्यासाठी नाही, हे ठळकपणे लिहायचं. चाचण्या कोणत्या लोकांवर झाल्या ते उपचाराआधी ग्राहकाला सांगायचं. हे मशीन वापरणाऱ्या देशभरातल्या बाकीच्या क्लिनिकनीही हे पाळावं, असा इशारा दिला गेला.

३ लाख हा दंड एवढ्या मोठ्या ब्रँडसाठी किरकोळच म्हणायचा. कायद्यात पहिल्या चुकीला १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंडाची सोय असताना तर जास्तच.

इन्फ्लुएन्सर, चांदणी आणि बारीक अक्षरं

दंडाची ही तरतूद फक्त कंपनीसाठी नाही, जाहिरात करणाऱ्या चेहऱ्यालाही ती लागू आहे. शिवाय त्या व्यक्तीवर एक वर्ष कुठलीही जाहिरात करायला बंदी येऊ शकते, पुन्हा तसंच केलं तर तीन वर्षं. मात्र दावा खरा आहे का याची आधी नीट खातरजमा केली होती, असं दाखवता आलं तर सुटका होते. ‘माझी जर्नी’ म्हणून मशीनवर झोपलेला व्हिडिओ टाकणाऱ्या आणि पैसे किंवा फुकट सेशन घेणाऱ्या प्रत्येकाने ही जाहिरात आहे हे स्पष्ट लिहायचं, अशा सूचना सरकारने जानेवारी २०२३ मध्ये काढल्यात. हॅशटॅगांच्या गर्दीत शेवटी कुठेतरी टाकलेला शब्द चालत नाही.

जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमधला एक नियम मराठी प्रेक्षकांच्या खास कामाचा आहे. ज्या भाषेत दावा, त्याच भाषेत खुलासा हवा. तोही त्याच फॉन्टमध्ये आणि सहज दिसेल अशा जागी. आवाज मराठीत, ‘पंधरा दिवसांत फरक बघा’ मराठीत आणि ‘परिणाम व्यक्तीनुसार बदलतात’ ही ओळ मात्र तळाशी मुंगीच्या अक्षरांत इंग्रजीत, हे नियमात बसत नाही. आणि खुलाशाने मूळ दाव्याच्या उलट बोलायचं नसतं. वर ‘वजन घटवा’ आणि खाली चांदणी देऊन ‘वजन घटवण्यासाठी नाही’, हेही चालत नाही.

याशिवाय एक जुना कायदा आहे, १९५४ चा औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा. ज्या आजारांवर इलाज असल्याची जाहिरातच करायची नाही, त्यांच्या यादीत लठ्ठपणा आहे. आणि त्यातली ‘औषध’ची व्याख्या गोळ्या-काढ्यांपुरती नाही. शरीराच्या रचनेवर किंवा कार्यावर परिणाम करण्यासाठी असलेली अन्न सोडून कोणतीही वस्तू तिच्यात बसते. पट्टे आणि मशीनविरुद्ध हा कायदा वापरायला जागा आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही.

तक्रार कुठे करायची?

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. फोन फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं. सीसीपीएसाठीची तक्रार थेट दिल्लीला पाठवता येते, तशी ती आपल्या जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते. ही सोय कायद्यात असूनही फारशी कुणाला माहीत नाही. जाहिरातीबद्दलच आक्षेप असेल तर मुंबईतल्या ‘एएससीआय’ या जाहिरात उद्योगाच्याच स्वनियंत्रण संस्थेला ७७१००१२३४५ या क्रमांकावर व्हॉट्सअ‍ॅप करता येतं. ही संस्था दंड करू शकत नाही, पण जाहिरात बदलायला किंवा मागे घ्यायला सांगते.

भरलेले पैसे परत हवे असतील तर जिल्हा ग्राहक आयोग. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही. वकील सक्तीचा नाही. ‘ई-जागृती’ पोर्टलवरून तक्रार ऑनलाइन दाखल होते. मुदत दोन वर्षांची.

यातल्या प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न पुराव्याचा येतो. पावती असतेच, पण ती फक्त पैसे भरल्याचं सांगते, काय वचन दिलं होतं ते सांगत नाही. त्यासाठी जाहिरातीचा स्क्रीनशॉट किंवा स्क्रीन रेकॉर्डिंग, तारीख दिसेल असं. क्लिनिकच्या माणसाने तोंडी सांगितलेलं ‘मॅडम, पाच किलो तर नक्की’ हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागवलेलं बरं. लिहून द्यायला टाळाटाळ झाली तर तेही बरंच काही सांगून जातं. संमतीपत्राची प्रत सही करतानाच मागायची, नाहीतर तिथेच फोटो काढायचा. आणि हे सगळं पहिल्याच दिवशी. स्टोरी २४ तासांत गायब होते, आणि नोटीस आली की पोस्टही.